आजीची हळद आणि अमेरिकेचं पेटंट

मागच्या वर्षी सप्टेंबरमध्ये माझी आठ वर्षांची मुलगी सायकलवरून पडली. गुडघा चांगलाच सोलवटला. मी फर्स्ट एडचा डबा शोधेपर्यंत, सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेल्या माझ्या आईने मिसळणाचा डबा उघडून नातीच्या गुडघ्यावर हळदीची चिमूट दाबूनसुद्धा टाकली होती. रडणं थांबलं, प्रकरण मिटलं, असं आम्हाला वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी एका क्लायंटच्या मीटिंगमध्ये असताना शाळेतल्या नर्सबाईंचा फोन. मुलीच्या जखमेतून काहीतरी पिवळं पिवळं येतंय, डॉक्टरांना दाखवा! मी म्हटलं, अहो, ती हळद आहे. पलीकडे क्षणभर शांतता. मग त्यांनी अगदी सौम्यपणे विचारलं, "जेवणात घालता ती? जखमेवर ती चालते असं कुठे लिहिलेलं आहे का?"

संध्याकाळी मी हा प्रश्न आईला सांगितला. ती पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "लिहून कशाला ठेवायला हवं रे? सगळ्यांना माहीतच असतं की."

वाचकहो, आईचं हे वाक्य आणि नर्सबाईंचा तो प्रश्न, या दोहोंमध्ये एक मोठा इतिहास दडलेला आहे हे मला त्या रात्री इंटरनेटवर शोधाशोध करताना कळलं. मी शिक्षणाने कॉम्प्युटर इंजिनियर, पोटापाण्यासाठी आयटी कन्सल्टंट. इतिहासाशी माझा संबंध दहावीच्या परीक्षेपुरताच. पण ही गोष्ट आपण राहतो त्या देशात घडलेली आहे, आणि दिवाळीच्या पहाटे न्यू जर्सीतल्या बाथटबमध्ये उटणं लावून घेणाऱ्या आपल्या मुलांना ती माहीत असावी, म्हणून हा खटाटोप.

तेल, उटणं आणि आपले पूर्वज

नितळ, तुकतुकीत कांती हा काही आजच्या जाहिरातवाल्यांनी लावलेला शोध नव्हे. साधारण सातव्या शतकातल्या वाग्भटाच्या 'अष्टांगहृदय' या ग्रंथात दिनचर्येवर एक स्वतंत्र अध्याय आहे. अंगाला रोज तेल लावावं, विशेषतः डोकं, कान आणि तळपाय यांना. व्यायाम करावा, मग उटण्याने अंग चोळावं, त्याने त्वचा प्रसन्न होते, मग स्नान करावं, असा तो क्रम आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' रचला. त्यात राजाच्या स्नानाचं, सुगंधी तेलांचं, अंग रगडण्याचं सविस्तर वर्णन आहे. आणि तेराव्या शतकातलं 'लीळाचरित्र', म्हणजे मराठीतला आद्य गद्य चरित्रग्रंथ, उघडलात तर चक्रधरस्वामींच्या दिनक्रमात 'मर्दना' आणि 'मादणें' हे शब्द पुन्हा पुन्हा भेटतात. मर्दना म्हणजे अंग रगडणं आणि मादणें म्हणजे स्नान. आपलं अभ्यंगस्नान इतकं जुनं आहे.

यामागची युक्तीही साधी आहे. आधी तेल अंगात जिरवायचं, मग उटण्याची पूड चोळून जास्तीचं तेल आणि मळ काढायचा. साबण सगळंच तेल धुऊन नेतो. उटणं थोडं तेल अंगावर शिल्लक ठेवतं. महाराष्ट्रात नेमकी दिवाळीच्या सुमारास थंडी पडू लागते आणि त्वचा कोरडी होऊ लागते, तेव्हा हे थोडं शिल्लक तेलच कामाला येतं. इथे तर ऑक्टोबरअखेर घरात हीटिंग सुरू होतं, हवा अगदी शुष्क होते, आणि आपण त्यात रोज कढत पाण्याचा वीस मिनिटांचा शॉवर घेतो. मग जानेवारीत पाय खाजतात आणि आपण लोशनच्या बाटल्या रिकाम्या करतो! इथले त्वचारोगतज्ज्ञ आज सांगतात ते काय? कोमट पाणी, पाच-दहा मिनिटांचीच अंघोळ, आणि अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर. क्रम उलटा, पण रोख तोच.

उटण्यात आंबेहळद, नागरमोथा, कचोरा, वाळा, चंदन, गुलाबकळी, मसुराचं पीठ, असं घरोघरी वेगळं काही ना काही असतं. हळद मात्र आपल्याकडे नुसत्या उटण्यापुरती नाही. ती लग्नात आधी नवऱ्याला आणि मग त्याची उष्टी हळद नवरीला लागते, जेजुरीला भंडारा होऊन उधळली जाते, आणि गुडघा फुटला की जखमेत भरली जाते. माझ्या सांगलीची तर ती ओळखच आहे. कृष्णाकाठच्या हरिपुरात हळद साठवायला जमिनीखाली पेवं खणलेली होती. २००५ च्या महापुरात त्यांतली बरीच गेली. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं.

मिसिसिपीतली हळद

आता आपल्या मूळ गोष्टीकडे येऊ. २८ मार्च १९९५ रोजी अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने ५४०१५०४ या क्रमांकाचं एक पेटंट दिलं. विषय, जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर. पेटंट मिळालं मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन इथल्या युनिव्हर्सिटी ऑफ मिसिसिपी मेडिकल सेंटरला, आणि संशोधक होते दोन भारतीय वंशाचे गृहस्थ. म्हणजे तुमच्या-आमच्यासारखेच, इकडे स्थायिक झालेले. आजीच्या हळदीवर अमेरिकेत हक्क सांगणारे कुणी परके नव्हते, हे वाचून मला जरा चरकल्यासारखं झालं.

तुम्ही म्हणाल, पेटंट कार्यालयात कुणालाच माहीत नव्हतं का? गंमत इथेच आहे. पेटंट नव्या गोष्टीलाच मिळतं. पण 'नवी' म्हणजे काय? त्या वेळच्या अमेरिकन कायद्याप्रमाणे एखादी गोष्ट अमेरिकेत आधीपासून माहीत असेल किंवा वापरात असेल, तर ती जुनी. पण ती परदेशात वापरात असेल, तर त्याला किंमत शून्य! परदेशातला पुरावा मोजायचा तर तो तिथलं पेटंट किंवा छापील मजकूर या स्वरूपातच हवा. थोडक्यात, सांगली-साताऱ्याच्या घराघरांतल्या आज्यांनी शेकडो वर्षं हळद लावली, हा अमेरिकेच्या लेखी पुरावाच नव्हता. "सगळ्यांना माहीतच असतं की" हे वाक्य तिथे चालत नाही. आमच्या क्षेत्रात म्हणतात तसं, सिस्टिम वर्षानुवर्षं उत्तम चाललेली आहे, पण डॉक्युमेंटेशन नाही!

माशेलकरांची लढाई

त्या काळात भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे, म्हणजे सीएसआयआरचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर. गोव्यातल्या माशेल गावात १९४३ साली जन्म, लहानपणीच वडील गेले, आईने मुंबईत काबाडकष्ट करून शिकवलं, गिरगावातल्या युनियन हायस्कूलमध्ये शाळा, मग मुंबईच्या यूडीसीटीतून केमिकल इंजिनियरिंग. आईच्या कष्टांवर मोठा झालेला हा मुलगा पुढे आज्यांच्या औषधासाठी लढला.

ऑक्टोबर १९९६ मध्ये सीएसआयआरने या पेटंटची फेरतपासणी मागितली. अशा फेरतपासणीत केवळ पेटंट आणि छापील साहित्य हाच पुरावा धरला जातो. साक्षीला कितीही आज्या उभ्या केल्या तरी उपयोग नाही. मग जुने ग्रंथ धुंडाळणं सुरू झालं. संस्कृत, हिंदी, उर्दूतले ३२ संदर्भ गोळा झाले, त्यांतले काही शंभर वर्षांपूर्वीचे. त्यांत १९५३ साली इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आलेला एक लेखही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंट कार्यालयाने पेटंटमधले सर्व दावे फेटाळले. विकसनशील देशाच्या पारंपरिक ज्ञानावर घेतलेलं पेटंट अमेरिकेत असं आव्हान देऊन रद्द होण्याची ही पहिलीच वेळ. भारतात वर्तमानपत्रांनी याला 'हळदीघाटीची लढाई' म्हटलं, आणि ते नाव माशेलकरांना कायमचं चिकटलं.

पण दर वेळी एकेका पेटंटमागे असं किती धावणार? म्हणून २००१ पासून पारंपरिक ज्ञानाची एक डिजिटल लायब्ररी उभी करण्याचं काम सुरू झालं. टीकेडीएल हे तिचं लघुनाम. माझ्यासारख्या डेटाबेसवाल्याला यातला खरा चमत्कार इथे दिसतो. नुसती पुस्तकं स्कॅन करून भागणार नव्हतं, कारण पेटंट तपासनीसाला संस्कृत कुठे येतं? म्हणून आयुर्वेद, युनानी, सिद्ध ग्रंथांमधले पाठ पेटंटच्या वर्गीकरणाशी जुळेल अशा पद्धतीने वर्गवार लावले, आणि ते इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी भाषांत वाचता येतील अशी सोय केली. २००९ मध्ये युरोपच्या आणि नंतर अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाला ती पाहण्याची परवानगी मिळाली. पुढे अमेरिकेनेही २०११ मध्ये पेटंट कायदा बदलला. २०१३ पासूनच्या अर्जांना परदेशातला उघड वापरही आड येऊ शकतो. आजीला न्याय मिळायला इतकी वर्षं लागली!

पण सिद्ध काय झालं?

इथे टाळ्या वाजवून लेख संपवता आला असता. पण नर्सबाईंचा प्रश्न अजून शिल्लक आहे. पेटंट रद्द झालं ते हळद गुणकारी ठरली म्हणून नव्हे, तर ती जुनी ठरली म्हणून. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण बऱ्याचदा त्यांची गल्लत करतो. हळदीतलं कर्क्युमिन हे पिवळं द्रव्य १८१५ मध्येच वेगळं काढलं गेलं. प्रयोगशाळेत ते सूज कमी करताना, जंतूंना रोखताना दिसतं. माणसांवरचे पुरावे मात्र अजून तोकडे आहेत. २०१७ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या एका नियतकालिकातल्या मोठ्या आढाव्याने कर्क्युमिनवर इतकं संशोधन होऊनही ठोस यश हाती नाही, असंच बजावलं.

शिवाय आजीची हळद आणि आपली हळद एकच आहे का? तिची शेतातली, घरी कुटलेली. आपली दुकानातल्या पाकिटातली. २०१६ मध्ये अमेरिकेत शिसं सापडल्यामुळे हळदीची अनेक पाकिटं बाजारातून परत बोलवावी लागली. बांगलादेशात रंग खुलवण्यासाठी हळदीला लेड क्रोमेट चोपडत, असं २०१९ मध्ये उघड झालं. तिथल्या बाजारातले ४७ टक्के नमुने भेसळीचे होते. सरकारने कडक पावलं उचलल्यावर २०२१ मध्ये ते प्रमाण शून्यावर आलं. लहान मुलांच्या मेंदूला शिसं फार घातक. हे वाचल्यावर मी मिसळणाच्या डब्याकडे बघतच राहिलो. आईला सांगितलं तर ती आधी रागावली. मग म्हणाली, "भेसळ करणाऱ्यांचे हात झडोत!" आणि स्वतःच तो डबा रिकामा करून घासायला घेतला. आता आम्ही शिशाची तपासणी केलेली हळद आणतो, आणि खरचटलं की आधी साबण-पाणी, मग व्हॅसलीन. उघड्या जखमेत पूड नाही. आईने हे मान्य केलंय, मनापासून नव्हे, पण केलंय.

आणखी एक गोष्ट. हळदीने 'रंग उजळतो' हे आपण सहज बोलून जातो. १९७५ मध्ये भारतात फेअर अँड लव्हली आली आणि या उजळण्याचा अर्थ गोरं होणं एवढाच उरला. त्या नावातलं 'फेअर' जायला २०२० साल उजाडावं लागलं. वाग्भटाची त्वचा मात्र प्रसन्न होते. माझ्या लेकीने एकदा उटणं लावून घेताना विचारलं, "आज्जी, याने मी व्हाइट होणार का?" आई म्हणाली, "छे गं, स्वच्छ होशील. रंग तुझा आहे तोच राहणार, माझ्यासारखा." मला यापेक्षा चांगलं उत्तर सुचलं नसतं.

वजनकाटा

यंदा मी ठरवलं, आईचं उटणं लिहून काढायचं. तिच्यासमोर स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा ठेवला. ती म्हणाली, "अरे, अंदाजाचं वजन कसं करणार?" मी म्हटलं, तू नेहमीसारखं घाल, मी मोजतो. तिने चार वेळा उटणं केलं, मी चार वेळा आकडे टिपले. आंबेहळदीचा अंदाज चारही वेळा एकदोन ग्रॅमच्या फरकाने तोच! आता तो पाठ मराठीत आणि इंग्रजीत, दोन्हीकडे लिहून ठेवला आहे. खाली सूचना आहेत: आधी मनगटाच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस थांबा, लाल झालं तर वापरू नका, टब लगेच धुवा. पिवळा डाग राहिलाच तर आधी तेलाने पुसा, कारण हळदीचा रंग पाण्यात नाही, तेलात विरघळतो. कपड्यावर पडला तर धुऊन उन्हात टाका, ऊन तो फिका करतं. या शेवटच्या दोन सूचना आईच्या. त्यामागची कारणं मी नंतर वाचून काढली, आणि त्या बरोबर निघाल्या.

तुमच्याकडेही आई, सासूबाई, मावशी आल्या असतील, किंवा व्हिडिओ कॉलवर भेटत असतील. या दिवाळीत त्यांना एक तास मागा आणि वजनकाटा काढा. त्यांना जे माहीत आहे त्यातलं खरं किती, हे पुढे कुणीतरी तपासेल. पण तपासायला आधी ते कुठेतरी लिहिलेलं हवं.

मुलीचा गुडघा बरा झाला. व्रण राहिला आहे, पिवळा नाही!

सर्वांना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा.