घरात असावीत अशी चार पुस्तके



गेल्या तिशाबआवच्या आदल्या संध्याकाळी आमच्या घरी रिवाजाप्रमाणे वालाचे बिरडे शिजत होते. धाकट्या नातीने विचारले, "आजी, आज बिरडेच का?" आम्ही म्हणालो, "आमची आई करीत असे म्हणून." उत्तर देऊन झाले आणि आमचे आम्हालाच ओशाळल्यासारखे झाले.

आमची सारी नोकरी रुग्णालयात गेली. प्रशिक्षणाच्या पहिल्याच आठवड्यात सिस्टर-ट्यूटरांनी बजावले होते की, जे केसपेपरवर लिहिले नाही, ते केलेच नाही असे समजा. औषध दिले पण नोंद केली नाही, तर पुढच्या पाळीच्या परिचारिकेला ते कळणार कसे? घराण्याच्या आणि समाजाच्या इतिहासाचेही तसेच आहे. आमचे आजोबा अलिबागेस शाळामास्तर होते. कोणाचे लग्न कुठल्या साली झाले, कोणाकडे मलिदा कशासाठी केला, साथीत कोण दगावले, हे सारे त्यांनी तीन वह्यांत टिपून ठेवले होते. १९८६ साली परदेशी येताना घर मोकळे केले. विमानात नेण्याच्या सामानाला वजनाची मर्यादा. आम्ही पितळेची भांडी घेतली आणि वह्या रद्दीत घातल्या. भांडी अजून आहेत. वह्यांतले एक नावही आज आम्हांस सांगता येत नाही.

निवृत्त झाल्यावर आम्ही मुलाकडे फ्रिस्कोला राहावयास आलो. हे सॅन फ्रान्सिस्को नव्हे. टेक्सासमधील हे गाव १९०२ साली आगगाडीमुळे वसले आणि रेल्वे कंपनीचेच नाव त्याला मिळाले. १९९० च्या शिरगणतीत येथे सहा हजारांच्या आसपास वस्ती होती, ती २०२० मध्ये दोन लाखांवर गेली. जेमतेम सव्वाशे वर्षांचे हे गाव, पण त्याने आपल्या जुन्या वस्तूंसाठी संग्रहालय उभारले आहे. रॉकेट बनविणाऱ्या एका कंपनीच्या जुन्या इमारतीत २०२३ पासून गावाचे भव्य वाचनालय आहे. तेथे बसलो की त्या तीन वह्या हटकून आठवतात. म्हणून लिहून राहिलेल्या, आणि लिहिल्यामुळेच वाचलेल्या चार पुस्तकांची शिफारस वाचकांना करीत आहोत.

पहिले पुस्तक अर्थातच हाईम सॅम्युएल केहिमकर यांचा बेने इस्राएलांचा इतिहास. मुंबईत १८७५ साली आपल्या मुलांसाठी शाळा काढण्यात केहिमकर पुढे होते. तीच शाळा पुढे सर एली कदूरी यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. त्यांनी हा इंग्रजी ग्रंथ १८९७ साली लिहून पुरा केला, पण तो छापून निघाला १९३७ साली, तेल अवीव येथे, डॉ. इमॅन्युएल ओल्सवांगर यांच्या संपादनाखाली. चाळीस वर्षे! तोपर्यंत केहिमकर हयात नव्हते. ते बाड मध्येच कोणी रद्दीत घातले असते तर? नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटल्याची कथा, 'शनवार तेली' ही ओळख, नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणी ही सणांची आपली मराठी नावे, हे सारे त्यात आहे. तिशाबआवला आपले पूर्वज 'बिरड्याचा रोजा' म्हणत, हेही आहे. नातीला आम्ही ते पान दाखविले.

मात्र केहिमकरांचे सर्वच अनुमान पुराव्याने सिद्ध झालेले नाही. पूर्वज ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात आले असे ते मांडतात. त्याला समकालीन कागदपत्रांचा आधार नाही. यासाठी सोबत बेंजामिन जे. इस्राएल यांचा १९८४ सालचा अभ्यासग्रंथ वाचावा. परंपरा कोठे संपते आणि पुरावा कोठे सुरू होतो, हे ते शांतपणे दाखवितात.

दुसरे पुस्तक आपल्याच पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातील, पेणजवळच्या वरसई गावच्या विष्णुभट गोडसे यांचे 'माझा प्रवास'. घरच्या कर्जापायी हे गरीब भिक्षुक १८५७ साली चुलत्याबरोबर दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या ऐन वणव्यात सापडले. इंग्रजांनी झाशी घेतली तेव्हा ते शहरातच होते. परत येताना द्रव्य फारसे राहिले नव्हते, पण आईवडिलांसाठी गंगेची कावड आणली. चिंतामणराव वैद्यांनी हे लेखन १९०७ साली फेरफार करून छापले. मुळाबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली काढली. सेनापतींच्या खलित्यांत न सापडणारी भूक आणि भीती येथे सापडते.

तिसरे पुस्तक आम्हां परदेशस्थांनी मुद्दाम वाचावे. पंडिता रमाबाई १८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियाला आल्या आणि १८८८ पर्यंत या देशात हिंडल्या. १८८९ साली त्यांचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' प्रसिद्ध झाले. येथील शाळा, घरे, राज्यकारभार, स्त्रियांची स्थिती, सर्व काही त्यांनी मराठी वाचकांसाठी लिहिले. कौतुक भरपूर आहे, पण येथील मूळ रहिवाशांवर झालेला अन्यायही त्यांनी झाकला नाही. नव्या देशाकडे कसे पाहावे, याचा असा धडा आम्हांस येथे उतरलो तेव्हा मिळाला असता तर बरे झाले असते. मीरा कोसंबी यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर २००३ साली निघाले आहे. मराठी न वाचणाऱ्या मुलांच्या हाती ते द्यावे.

चौथे, लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे', १९३४ पासून भागाभागाने निघालेले. नवऱ्याने धर्म बदलला, संसार तुटला, पुन्हा जुळला; आणि हे सारे त्या बाईने ओसरीवर बसून बोलावे तशा भाषेत, स्वतःलाच हसत सांगितले आहे. शाळेत जाऊन शिकलेली नव्हती, म्हणून तिचे काही अडले नाही. शांता गोखले यांचे इंग्रजी भाषांतर २०१७ साली प्रसिद्ध झाले.

एक शाळा काढणारे गृहस्थ, एक भिक्षुक, एक विदुषी, एक गृहिणी. चौघांनीही पाहिले ते लिहिले. आपल्यापैकी पुष्कळजण म्हणतील, आम्ही काय लिहिणार? आमचे आजोबाही लेखक नव्हते. त्यांच्या वह्या आम्ही घालविल्या. आता आठवेल तेवढे आम्ही एका नव्या वहीत उतरवीत आहोत, आणि नात शेजारी बसून इंग्रजीत नक्कल करते. आपल्या पेटीत जुन्या वह्या असतील तर त्या जपा, आणि जुन्या फोटोंच्या मागे नावे लिहा. ती ओळखणारे माणूस घरात आहे तोवर हे काम उरकून घ्या.