काकवीचा विमानप्रवास : बारामती-इंदापूरचा ऊस आणि पातळ पदार्थाची बांधाबांध

विमानतळावरच्या तपासणीत हातातल्या पिशवीतली काकवीची बाटली अडते आणि त्याच रसाची गुळाची ढेप बिनबोभाट पुढे जाते. काहिलीतल्या भाषेत हा फरक अवघ्या बारा-तेरा अंशांचा आहे. रस सुमारे १०५-१०६ अंश सेल्सिअसला उतरवला तर काकवी. ११८ अंशांच्या आसपास नेला तर गूळ.

मुळात हा ऊस बारामती-इंदापूरच्या अवर्षणग्रस्त माळावर आला कसा? १८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर भाटघरचे धरण आणि नीरा डावा कालवा उभा राहिला. १८८५ च्या सुमारास कालव्याला पाणी खेळू लागले आणि काठाने ऊस पसरला. साखर कारखाने पुष्कळ नंतरचे. आधी होती ती गुऱ्हाळे.

गुऱ्हाळावर सारा अधिकार गुळव्याचा. चुलवाणावर काहील चढते, रानभेंडीच्या चिकाने मळी वर येते, ती काढली जाते. मग गुळव्या थेंबभर पाक पाण्यात सोडून त्याची गोळी होते का ते पाहतो. तापमापकाशिवाय चाललेली ही परीक्षा थक्क करणारी आहे. गोळी होण्याआधीच उतरवलेला पाक म्हणजे काकवी. ती चवीला सरस. पण प्रवासाला नाठाळ. सांडते, मुंग्या ओढते, आणि पातळ राहिली तर आंबून झाकणाला रेटा देते. रसाला दूरच्या बाजारात पोहोचवणारे खरे पॅकिंग म्हणजे गूळच होय, असे म्हणण्यास हरकत नसावी.

तरीही पातळ पदार्थ न्यावे लागतच. तेला-तुपासाठी कातड्याचा बुधला होता, घरात चिनी मातीची बरणी होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रॉकेल आले आणि त्याबरोबर चार गॅलनचा चौकोनी पत्र्याचा डबा. रॉकेल संपले की तो डबा धुऊन त्यात तेल, तूप, काकवी असे काहीही भरले जाई. फुटत नाही, एकावर एक रचता येतो. बुधल्याची सद्दी संपवण्यास एवढे पुरेसे होते.

(जाता जाता : इंदापूर तालुक्यात साखर कारखाना काढून वालचंदनगर वसवणारे वालचंद हिराचंद यांनीच डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही विमान कंपनी स्थापन केली. ऊस आणि विमान यांची गाठ या मुलुखात अशी जुनी आहे.)

आता १० ऑगस्ट २००६. शीतपेयांच्या बाटल्यांतून द्रव स्फोटके नेऊन अटलांटिकपार जाणारी विमाने उडवण्याचा कट ब्रिटिश पोलिसांनी उघडकीस आणला. ६ नोव्हेंबर २००६ पासून युरोपीय संघाने नियम लागू केला : केबिनमध्ये न्यायचा प्रत्येक द्रव १०० मिलिलिटरपर्यंतच्या भांड्यात, आणि अशी सारी भांडी एका लिटरच्या पारदर्शक पिशवीत. पुढे जगभर तोच पायंडा पडला. माप भांड्याचे धरले जाते. म्हणून दोनशेच्या बाटलीच्या तळाशी उरलेली काकवीही अडते. तूप, मध, लोणचे यांचीही गत तीच.

उरते ती मोठी बॅग, आणि तेथे गाठ पदार्थविज्ञानाशी. उड्डाणात केबिन आणि सामानकक्षातील दाब साधारणतः २,४०० मीटर उंचीइतका, म्हणजे समुद्रसपाटीच्या जवळपास पाऊणपट उतरू शकतो. बाटलीत कोंडलेली हवा तेव्हा एक-तृतीयांशाने फुगू पाहते आणि बाटली आडवी वा उलटी असेल तर काकवीला झाकणाच्या आट्यांतून बाहेर लोटते. म्हणून प्लॅस्टिकची बाटली किंचित दाबून, हवा काढून झाकण लावायचे. आट्यांवर प्लॅस्टिकचा कागद, वर चिकटपट्टी, मग दोन पिशव्या आणि भोवती जुने कपडे. काकवीही दाट, पूर्ण गार झालेलीच भरावी.

गंमत अशी की घन पदार्थही सारेच निर्धोक नाहीत. सुके खोबरे धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत क्रमांक १३६३ वर आहे, कारण त्यातील तेलामुळे ते साठ्यात आपोआप तापू शकते. काळ्या मसाल्यासाठी खोबऱ्याच्या वाट्या बॅगेत घालणाऱ्या घराला हे सहसा तपासणीच्या पट्ट्यापाशीच कळते.