काकांची वंशावळ आणि सेलेरॉनचा कॉम्प्युटर

आपल्या ग्रुपवर जुने वाडे, विहिरी, मराठी शाळा यांच्या आठवणी नेहमी येतात. आज मी जरा वेगळ्या वस्तूबद्दल लिहितोय. आदिलाबादच्या आमच्या घरात २००७ साली घेतलेला एक स्वस्तातला कॉम्प्युटर होता. २०१३ मध्ये आम्ही त्याचा प्रोसेसर बदलला. यात इतिहास कसला, असं वाटेल तुम्हाला. पण ही गोष्ट सुरू होते १९५६ ला.

१ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याची वाटणी झाली. आपल्या आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातलं इस्लापूर सर्कल मुंबई राज्यात गेलं. उलट नांदेड जिल्ह्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही सर्कलं इकडे आंध्र प्रदेशात आली, आदिलाबादला जोडली गेली. कागदावर ही एक ओळ होती, घरांमध्ये मात्र तिनं सख्ख्या भावांचे पत्ते बदलले. आमचे एक आजोबा किनवटला राहिले, दुसरे आदिलाबादला, आणि त्यांची बहीण भैंशाला दिलेली. तिघांचं माहेर-सासर, शेती, सोयरीक पूर्वीसारखीच चालू राहिली. फक्त जिल्हा, राज्य आणि कचेरीची भाषा वेगळी झाली.

आमचे काका तेव्हा १७ वर्षांचे होते. पुढे त्यांनी आदिलाबादला छोटं डीटीपीचं दुकान काढलं. लग्नपत्रिका हे मुख्य काम. आपल्या भागातली पत्रिका म्हणजे एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला तेलुगू, तुम्हाला माहीतच आहे. कापसाचा हंगाम संपून पैसा हातात आला की लग्नं निघायची आणि दुकानात बसायला जागा नसायची. पत्रिका करता करता काका प्रत्येक घराची नावं, गावं, गोत्रं वहीत टिपून ठेवायचे. त्यातूनच आमच्या भावकीची वंशावळ तयार झाली. सात पिढ्या, सीमेच्या दोन्ही बाजूंच्या.

ती त्यांनी कॉम्प्युटरवर चढवली ती पेजमेकरमध्ये, जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये. ज्यांनी हे काम केलंय त्यांना ठाऊक आहे. त्या फॉन्टांमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असायचे, आणि प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. फॉन्ट नसला की अख्खी वंशावळ परदेशी अक्षरांचा कचरा दिसायची. शिवाय त्या सॉफ्टवेअरला एक लॉक असायचं. कॉम्प्युटरच्या मागे प्रिंटरच्या रुंद पोर्टमध्ये ते खोचल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडतच नसे.

२०१३ पर्यंत कॉम्प्युटर रडायला लागला होता. घरातली पोरं म्हणाली, फेकून द्या, नवीन घ्या. विंडोज एक्सपीचा पाठिंबा ८ एप्रिल २०१४ ला बंद होणार, हेही जाहीर झालं होतं. पण दुकानात जी नवी मशीन दाखवली तिला तो रुंद पोर्टच नव्हता. काका म्हणाले, "काहून फेकायचा डब्बा? लॉक याच्यातच बसते ना! आधी माझी वंशावळ बाहेर काढा, मग काय करायचं ते करा."

बाहेर काढणं म्हणजे ती युनिकोडमध्ये आणणं. त्यासाठी फॉन्ट बदलून देणारे कन्व्हर्टर मिळत होते. पण पेजमेकर, ब्राउझर आणि कन्व्हर्टर एकदम उघडले की आमचा सेलेरॉन ४३० मान टाकायचा. एकच कोअर, १.८ गिगाहर्ट्झ, ५१२ केबी कॅश, वर रॅम ५१२ एमबी.

आमच्या गल्लीत कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एक पोरगा होता. घर तेलुगू, मराठी आपल्यासारखीच. त्यानं पहिलीच गोष्ट समजावली ती अशी: प्रोसेसर खाचेत बसला म्हणजे चालेलच असं नाही. आमच्या बोर्डाची खाच एलजीए ७७५. त्या खाचेत पेंटियम ४ पासून कोअर टू क्वाडपर्यंत सगळे बसतात. पण आमचा चिपसेट ९४५जीसी, ८०० च्या बसचा. १३३३ च्या बसचा ई८४०० आणला असता तर बसला असता नीट, पण त्याच्या भरवशावर पैसे घालण्यात अर्थ नव्हता. म्हणून बोर्ड बनवणाऱ्याची यादी काढली. कोणता प्रोसेसर चालतो आणि त्याला किमान कोणता बायोस लागतो, ते दोन्ही पाहिलं. ठरला कोअर टू ड्युओ ई४५००. दोन कोअर, २.२ गिगाहर्ट्झ, २ एमबी कॅश, बस ८००. नवीन मिळणं शक्यच नव्हतं. नागपूरला शिकणाऱ्या भाच्यानं जुना शोधला आणि येताना घेऊन आला. त्यासोबत रॅम २ जीबी केली.

डब्बा उघडला तर आतून आदिलाबाद बाहेर आलं! दुकानाजवळच्या जिनिंगची रुई सहा हंगाम पंख्यातून आत जात होती. हीटसिंकच्या पात्यांमध्ये तिचा नमद्यासारखा थर बसला होता. पोरगा हसून म्हणाला, अर्धा आजार तर हाच आहे. जुना प्रोसेसर ३५ वॅटचा, नवा ६५ चा, आणि आपला मे महिना तुम्हाला सांगायला नको. म्हणून हीटसिंक धुऊन, पूर्ण वाळवून, नवी थर्मल पेस्ट लावली. या खाचेत पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डावर असतात, ७७५ नाजूक तारा. त्यानं दांडी उचलली, कडेच्या दोन खाचा जुळवल्या आणि प्रोसेसर न दाबता नुसता ठेवला. मग पंख्याच्या चार खुंट्या समोरासमोरच्या जोडीनं बसवल्या. सुरू केल्यावर टास्क मॅनेजरमध्ये एकाच्या जागी दोन आलेख दिसले. काकांनी विचारलं, "दोन डोकी झाली का याला?"

मग खरं काम सुरू झालं. रोज संध्याकाळी एकेका शाखेचा मजकूर कन्व्हर्टरमध्ये टाकायचा आणि काकांनी वाचून तपासायचा. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचं याच्या उलट. त्यामुळे 'किनवट' आणि 'निर्मल' हीच दोन नावं सगळ्यात जास्त मोडून यायची. म्हणजे आमच्या भावकीची अर्धी गावं! मशीन बदल करून द्यायची, पण कोणत्या गावचं कोण, हे काकांनाच माहीत होतं. ७४ वर्षांच्या माणसाजवळ बसून ते करून घ्यायला वेळ होता, ही त्या प्रोसेसरची खरी कमाई. पावसाळ्यात सुरू केलेलं काम संक्रांतीला संपलं.

हे सगळं नुसतं छापून ठेवता आलं असतं, असं कुणी म्हणेल. पण आपल्या भागाची वंशावळ छापून संपत नाही. २ जून २०१४ ला तेलंगणा झालं. ११ ऑक्टोबर २०१६ ला आदिलाबादचे चार जिल्हे झाले: आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कोमरम भीम आसिफाबाद. भैंशाची आत्या १९५६ पर्यंत नांदेड जिल्ह्यात, मग आदिलाबादमध्ये, आणि आता तिची नातवंडं निर्मल जिल्ह्यात, तीही त्याच घरात. किनवटवाल्यांचं उलट: आधी आदिलाबाद, नंतर नांदेड. आम्ही वंशावळीत एक रकाना वाढवला, 'गाव तेव्हा कुठे, आता कुठे'. शोधायला 'भैंसा' टाइप केलं की सगळी शाखा समोर येते. जुन्या फॉन्टमध्ये हे जमलं नसतं.

तो डब्बा पुढे तीन वर्षं चालला. आता तो भाग फार महत्त्वाचा नाही. पण तुमच्या माळ्यावर वडिलांचा किंवा काकांचा असा जुना कॉम्प्युटर असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी त्याची हार्ड डिस्क बघा. मागे एखादं लॉक खोचलेलं असेल तर तेही काढून जपून ठेवा. आणि फाइल उघडल्यावर कचरा दिसला तर घाबरून पुसू नका, ती बहुतेक मराठीच असते. ज्यांनी ती टाइप केली ते माणूस घरात असेल, तर काम याच वर्षी सुरू करा.

किनवट, राजुरा, भैंसा, मुधोळकडच्या मंडळींनी आपापल्या भावकीची अशी नोंद केली असेल तर खाली नक्की सांगा. आमच्या वंशावळीत राजुऱ्याकडच्या दोन शाखा अजून रिकाम्याच आहेत.