एकभिंगी परावर्ती कॅमेरा

ज्या भिंगातून फिल्मवर प्रतिमा पडते, त्याच भिंगातून छायाचित्रकाराला दृश्य दाखविणारा कॅमेरा. भिंगामागे ४५° कोनात बसविलेला आरसा प्रकाश वरच्या दुधी काचेवर परावर्तित करतो. कळ दाबताच आरसा उचलला जातो, झडप उघडते व फिल्मवर प्रकाश पडतो. दृश्य पाहण्याची खिडकी वेगळी असलेल्या कॅमेऱ्यात जवळच्या वस्तूची चौकट चुकते. येथे तो दोष उद्‌भवत नाही.

या रचनेचे एकस्व (पेटंट) टॉमस सटन यांनी १८६१ मध्ये इंग्लंडमध्ये घेतले. तत्पूर्वी, १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तेथील आरंभीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी होत. त्या काळी दुधी काचेवर प्रतिमा स्पष्ट करून घेतल्यावर तिच्या जागी प्रकाशसंवेदी काचपट्टी घालावी लागे व दृश्य दिसेनासे होई. हा व्यत्यय कमी करण्याच्या प्रयत्नांतूनच पुढील विकास झाला.

ड्रेस्डेन येथील किने एक्झाक्टा (१९३६) या ३५ मिमी. फिल्मच्या कॅमेऱ्यात प्रतिमा वरून पाहावी लागे व ती डावी-उजवी उलट दिसे. काँटॅक्स एस (१९४९) मधील पंचकोनी लोलकाने ती सुलट झाली. आसाहीफ्लेक्स २बी (१९५४) मध्ये आरसा आपोआप पूर्वस्थितीत येऊ लागला. निकॉन एफ (१९५९) हा व्यावसायिकांत मान्यता पावला. तथापि छायाचित्र घेतले जाते तो क्षण आरसा वर असल्याने छायाचित्रकाराला दिसत नाही; त्याचा अंदाज आधीच बांधावा लागतो.

अंतर, छिद्राचे आकारमान व झडपेचा वेग ही तिन्ही हाताने ठरवावयाची असतात. पुणे जिल्ह्यातील दोन उदाहरणे घेता येतील. दौंड स्थानकात शिरणाऱ्या गाडीचे छायाचित्र घेताना रुळावरील एखाद्या ठिकाणावर भिंग आधीच जुळवून ठेवतात व गाडी तेथे पोहोचताच कळ दाबतात. शिरूर तालुक्यातील मोराची चिंचोली येथे उजळ माळावरील मोर टिपताना प्रकाशमापक पार्श्वभूमीमुळे फसतो व मोर काळवंडतो. म्हणून छिद्र थोडे अधिक उघडावे लागते.

१९८५ मध्ये मिनोल्टा ७००० पासून भिंग आपोआप जुळविणारे कॅमेरे रूढ झाले व पुढे अंकीय कॅमेऱ्यांनी फिल्म मागे सारली. ३६ चित्रांच्या गुंडाळीत चूक फिल्म धुतल्यावरच कळे. त्यामुळे कळ दाबण्यापूर्वी विचार करण्याची शिस्त अंगी बाणे. छायाचित्रणाचे शिक्षण घेणाऱ्यांस हा कॅमेरा आजही याच कारणासाठी उपयुक्त ठरतो.