देवीसारखा वण

आमच्या वाशिमकडं साठी ओलांडलेल्या कितीतरी जणांच्या दंडावर देवीच्या लसीचा खोलगट वण असतो. माझ्या आजीच्याही होता. १८६२ साली पॅरिसच्या बाझां नावाच्या त्वचारोगतज्ज्ञानं अशाच वणांच्या एका आजाराची नोंद केली. फक्त लस टोचलेलीच नव्हती! ऊन लागलं की मुलांच्या गालांवर, कानांवर फोड, मग खपली, मग खड्डा. त्यानं नाव ठेवलं ‘हायड्रोआ व्हॅक्सिनिफॉर्मी’, म्हणजे लसीच्या फोडासारखा. पुढं शंभरेक वर्षं सगळं खापर उन्हावर फुटलं.

१९६४मध्ये एपस्टाइन, अचाँग आणि बार यांना आफ्रिकी मुलांच्या लिम्फोमाच्या गाठींत एक विषाणू दिसला. जगातल्या बहुतेक माणसांच्या अंगात तो निमूट पडून असतो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी जपानी डॉक्टरांना तोच या फोडांतल्या लिम्फोसाइट पेशींत सापडला. (वाशिमचं जुनं नाव वत्सगुल्म, आयुर्वेदात गुल्म म्हणजे पोटातली गाठ. निव्वळ योगायोग.)

२००८मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात याच्या गंभीर रूपाला थेट लिम्फोमा म्हटलं. २०१६मध्ये तो शब्द काढला, आणि माझ्या मते बरंच केलं. कारण काही मुलं मोठेपणी बरी होतात. काहींना मात्र खरंच कॅन्सर होतो. म्हणून फोडांसोबत ताप आणि चेहऱ्यावर सूज असेल, तर आता रक्तातला विषाणूही मोजतात.