आजोळी येणारी परदेशस्थ बालके : दीर्घ मुक्कामाची पूर्वतयारी

परदेशात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या वेळापत्रकात भारतभेटीचे स्थान ठरलेले असते. घरात मूल आले की पंधरा दिवसांची धावती भेट पुरेशी वाटत नाही. आजी-आजोबांना नातवंडांचा सहवास मिळावा, मुलांच्या कानांवर मराठी पडावी, या हेतूने मुक्काम सहा-आठ आठवड्यांपर्यंत वाढतो. अनोळखी देशात जाणारा पर्यटक जेवढी सावधगिरी बाळगतो, तेवढी ही कुटुंबे सहसा बाळगत नाहीत. कारण आईवडिलांच्या लेखी हा प्रवास घरी परतण्याचा असतो. न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये जन्मलेल्या दोन वर्षांच्या मुलाच्या शरीराला मात्र पुणे काय आणि नाशिक काय, दोन्ही सारखीच परकी असतात.

प्रवासवैद्यकात ‘आप्तांच्या भेटीस जाणारे प्रवासी’ हा स्वतंत्र आणि अधिक जोखमीचा गट मानला जातो, तो याच कारणामुळे. अमेरिकेत आढळणाऱ्या विषमज्वराच्या रुग्णांपैकी बहुसंख्य दक्षिण आशियातून प्रवास करून आलेले असतात आणि त्यांत नातेवाइकांकडे राहून आलेल्यांचा भरणा मोठा असतो. ‘आम्ही नळाचे पाणी पिऊनच लहानाचे मोठे झालो’ हा युक्तिवाद अशा वेळी हमखास ऐकू येतो. परंतु आईवडिलांनी बालपणी कमावलेली प्रतिकारशक्ती वारशाने मुलांकडे येत नाही. इतकेच नव्हे, तर हिवतापासारख्या रोगाविरुद्धची अंशतः प्रतिकारशक्ती काही वर्षे परदेशात राहिल्यावर आईवडिलांमध्येही उरत नाही.

पहिला प्रश्न ऋतूचा. अमेरिकेतील शाळांना जून ते ऑगस्ट सुटी असते, ब्रिटनमध्ये ती जुलैच्या उत्तरार्धापासून ऑगस्टअखेरपर्यंत असते आणि आखाती देशांतील शाळाही जुलै-ऑगस्टमध्येच बंद राहतात. म्हणजे ही बालके नेमकी महाराष्ट्रातील भर पावसाळ्यात येतात. आंबे संपलेले असतात, मामेभावंडांच्या शाळा जूनच्या मध्यास सुरू झालेल्या असतात आणि दूषित पाणी व डास यांपासून होणाऱ्या रोगांचा हाच हंगाम असतो. ज्यांची मुले अजून शाळेत जात नाहीत, त्यांना सुटीचे बंधन नसते. त्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा, हेच श्रेयस्कर. ऑस्ट्रेलियातील कुटुंबांना हा लाभ डिसेंबर-जानेवारीच्या सुटीमुळे आपोआप मिळतो.

कागदपत्रांची तयारी तीन-चार महिने आधी सुरू करावी लागते. अमेरिकी नागरिक असलेल्या सोळा वर्षांखालील मुलाचा पासपोर्ट पाचच वर्षांसाठी दिला जातो आणि त्यासाठी सामान्यतः दोन्ही पालकांची संमती लागते. भारतीय कायद्यात दुहेरी नागरिकत्वाची तरतूद नसल्याने अशा मुलांसाठी व्हिसा किंवा २००५ मध्ये सुरू झालेली ‘ओसीआय’ नोंदणी हे मार्ग उरतात. ई-पर्यटक व्हिसावरील मुक्कामाला दिवसांची मर्यादा असते; वरचेवर आणि दीर्घकाळ येणाऱ्यांना ओसीआयच सोयीची. वीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वी दर नव्या पासपोर्टबरोबर ओसीआय पुस्तिकाही नव्याने काढण्याची सक्ती २०२१ मध्ये रद्द झाली. आता नव्या पासपोर्टची प्रत व छायाचित्र संकेतस्थळावर नोंदविणे पुरते. दुबईतील कुटुंबांची अडचण निराळी. तेथे जन्मलेल्या मुलांकडे बहुधा भारतीय पासपोर्टच असतो. मात्र सलग सहा महिन्यांहून अधिक काळ देशाबाहेर राहिल्यास संयुक्त अरब अमिरातीचा निवासी व्हिसा सामान्यतः रद्द होतो. एकटी आई किंवा एकटे वडील मुलाला घेऊन निघणार असतील, तर दुसऱ्या पालकाचे नोटरीकृत संमतिपत्र जवळ असावे.

लसीकरणासाठी प्रस्थानाच्या किमान चार ते सहा आठवडे आधी बालरोगतज्ज्ञांची भेट घ्यावी. अमेरिकेत गोवराची (एमएमआर) पहिली मात्रा १२ ते १५ महिन्यांच्या वयात दिली जाते. परदेशप्रवास असेल, तर ६ ते ११ महिन्यांच्या बालकालाही एक मात्रा द्यावी, अशी तेथील शिफारस आहे. ही मात्रा जादा समजली जाते. वर्षानंतरच्या दोन मात्रा घ्याव्याच लागतात. एक वर्षावरील मुलांची दुसरी मात्रा २८ दिवसांच्या अंतराने लवकर उरकता येते. दूषित अन्नपाण्यातून होणाऱ्या काविळीवरील, म्हणजे हिपॅटायटिस ए ची लसही निघण्यापूर्वी घ्यावी. विषमज्वराच्या बाबतीत मात्र गंमत अशी, की अमेरिकेत मिळणारी इंजेक्शनची लस दोन वर्षांखालील मुलांना देता येत नाही. भारतात तयार होणारी ‘कॉन्जुगेट’ लस सहा महिन्यांपासून देता येते आणि येथील बालरोगतज्ज्ञ ती नियमितपणे देतात. लहानग्यांना ती मुंबई-पुण्यात पोहोचताच टोचून घेता येईल. परंतु लशीचा प्रभाव निर्माण होण्यास दोन-तीन आठवडे लागतात, तोवर पाणी आणि अन्न हीच खबरदारी. हिवतापाची प्रतिबंधक औषधे द्यावीत की नाहीत, हे कोठे व किती दिवस राहणार यावर ठरते. त्यांची मात्रा मुलाच्या वजनानुसार असल्याने ती डॉक्टरांनीच ठरवावी. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून दुपारच्या झोपेतही मच्छरदाणी हवी. डास पळविणारे मलम दोन महिन्यांखालील बाळाला लावू नये.

विमानप्रवासाची धास्ती सर्वांत जास्त असते. वास्तविक तो एका दिवसात संपतो. दोन वर्षांखालील मुलाला मांडीवर बसवून साधारण दहा टक्के भाड्यात नेता येते, मात्र मुक्कामात दुसरा वाढदिवस येत असेल, तर परतीसाठी स्वतंत्र आसन घ्यावे लागते. बाळासाठी दूध व शिजविलेले अन्न १०० मिलिलिटरच्या मर्यादेबाहेरही नेता येते. उन्हाळ्यात न्यूयॉर्क व भारत यांच्या वेळेत साडेनऊ तासांचे, तर कॅलिफोर्नियाशी साडेबारा तासांचे अंतर असते. मुलांची झोप पूर्ववत होण्यास आठवडा किंवा अधिक काळ लागतो. तेवढ्या दिवसांत समारंभ, बारशी आणि देवदर्शने ठेवू नयेत.

खरी काळजी घराची. आजी-आजोबांच्या घरात रांगते मूल वावरून तीस वर्षे लोटलेली असतात. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या पलंगाशेजारी हाताशी ठेवलेल्या असतात. ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची एखादी गोळीही लहान मुलाची रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत खाली आणू शकते. न्हाणीघरातील भरलेली बादली, फिनेलची बाटली, गजांमध्ये रुंद फटी असलेला सज्जा, हे सारे पाहुणे येण्याच्या आदल्या आठवड्यात तपासून घ्यावे. बाळगुटी उगाळताना मध वापरण्याची रीत अनेक घरांत आहे. एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नये. त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. ही सूचना सुनेने सासूला करण्यापेक्षा मुलाने आईला केलेली बरी! दुचाकीवर पुढे उभे करून नातवाला फिरवून आणण्याचा आजोबांचा उत्साहही आवरावा लागतो. चार वर्षांखालील मुलाला दुचाकीवर नेताना शिरस्त्राण व सुरक्षापट्टा फेब्रुवारी २०२३ पासून बंधनकारक आहेत.

पिण्याचे पाणी उकळलेलेच असावे आणि दात घासण्यासाठीही तेच वापरावे. एवढे करूनही पहिल्या पंधरवड्यात जुलाब होणे संभवते. अशा वेळी औषधांपेक्षा जलसंजीवनी महत्त्वाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार तयार केलेली पुडीच दुकानदाराकडे मागावी आणि तीवर लिहिलेल्या प्रमाणातच पाणी घालावे. ओआरएस नावाने विकल्या जाणाऱ्या गोड पेयांच्या वेष्टनांवर ते नाव छापण्यास अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. मूल मलूल झाले, लघवी कमी झाली किंवा शौचात रक्त दिसले, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा. परदेशातील आरोग्यविमा भारतातील उपचारांना लागू आहे काय, हे निघण्यापूर्वीच विचारून घेतलेले बरे.

परदेशात वाढलेल्या मुलांना कुत्रा म्हणजे घरातला सवंगडी एवढेच ठाऊक असते. रस्त्यावरच्या कुत्र्याला ती निर्धास्तपणे कुरवाळायला धावतात. चावा किंवा नुसता ओरखडा आला तरी जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी; जखम रक्ताळलेली असल्यास इम्युनोग्लोब्युलिनही लागते. लशीच्या मात्रा अनेक आठवडे चालतात. मध्येच परतावे लागल्यास दिलेल्या लशीचे नाव व तारखा लिहून घ्याव्यात, म्हणजे उरलेल्या मात्रा तेथे घेता येतात.

परतल्यानंतर मुलाला ताप आला, तर ‘आम्ही भारतातून आलो आहोत’ हे तेथील डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावे. विषमज्वराची लक्षणे संसर्गानंतर एक ते तीन आठवड्यांनी दिसतात आणि हिवतापाचा व्हायवॅक्स हा प्रकार काही महिन्यांनीही उद्भवतो; विचारल्याशिवाय तिकडच्या डॉक्टरांच्या मनात हे रोग सहसा येत नाहीत. हिपॅटायटिस ए च्या लशीची दुसरी मात्रा पहिलीनंतर सहा महिन्यांनी घ्यायची असते, तिची तारीखही तेव्हाच ठरवून घ्यावी.