अल्ताईच्या बागांतले सी बकथॉर्न

सी बकथॉर्न हे मुळात नदीकाठच्या वाळूगोट्यांत वाढणारे काटेरी झुडूप. दक्षिण सायबेरियातल्या अल्ताई भागात लोक त्याची आंबट नारिंगी फळे कातून नदीच्या खोऱ्यातून गोळा करत. 1933 मध्ये मिखाईल लिसावेंको यांनी तिथे फळबाग संशोधनाचे केंद्र उभारले आणि या रानझुडपावर पद्धतशीर काम सुरू झाले. रानातल्या बियांची रोपे वाढवून त्यांतून निवड करणे हे चिकाटीचे काम होते. ‘दार कातुनी’, ‘नोवोस्त अल्ताया’ असे वाण त्यातूनच निघाले: फळ मोठे, काटे कमी.

बाग लावणाऱ्याची खरी पंचाईत वेगळीच होती. या झुडपात नर आणि मादी स्वतंत्र. बियांच्या रोपांत कोण काय, हे फुलकळ्या येईपर्यंत कळत नाही. तोवर काही वर्षे जातात. छाटकलमांनी हा प्रश्न सुटला. परागण वारा करतो, म्हणून काही माद्यांमागे एक नर पुरतो. मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र बांधतात, त्यामुळे हलकी जमीनही चालते.

भाजलेल्या जखमांवर वापरायच्या तेलामुळे सोव्हिएत काळात लागवड वाढली. फळे मात्र फांदीला घट्ट चिकटलेली असतात. आजही काढणी हेच या पिकातले सर्वांत कष्टाचे काम आहे.